परदेशात चष्मा तुटला किंवा हरवला तर: आधी काय, मग काय

मे महिना आणि दिवाळीची सुट्टी आली की माझ्या फोनवर एक ठरावीक निरोप येऊ लागतो. "आईचा चष्मा तुटलाय, आम्ही इथे न्यू जर्सीत आहोत, तिचा नंबर तुमच्याकडे असेल तर पाठवता का?" मी चष्म्याच्या दुकानात बसतो, त्यामुळे हे निरोप मला नवे नाहीत. पण पाठवणाऱ्याचा जीव दर वेळी तितकाच कासावीस झालेला असतो, आणि ते अगदी साहजिक आहे. उणे ५ नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय २० सेंटिमीटरच्या पलीकडचं सगळं धूसर दिसतं. वरून अनोळखी शहर, फलाटांच्या पाट्या, जिना कुठे संपतो ते कळत नाही, आणि परतीच्या विमानाला अजून आठवडा.

बहुतेक लोक जवळचं दुकान गाठतात आणि म्हणतात, "असाच दुसरा करून द्या." मग दुकानदार डॉक्टरांची चिठ्ठी मागतो, किंवा प्रोग्रेसिव्हला, म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या चष्म्याला, दहा दिवस लागतील म्हणून डोळे पांढरे होतील असा आकडा सांगतो. माझं सांगणं अगदी स्पष्ट आहे. तुटलेल्यासारखाच चष्मा परदेशात करून घ्यायच्या मागे लागू नका. राहिलेले दिवस सुखरूप निघतील असा साधा, एका नंबरचा चष्मा बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळू शकतो, तो घ्या. नेहमीचा चष्मा घरी आल्यावर सवडीने करा. आणि तोवर तुटलेल्या चष्म्याचा एकही तुकडा टाकू नका.

तुकडे आधी गोळा करा

मागे एका काकांचा मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनहून बोलत होता. काकांचा चष्मा बेसिनवरून पडला होता. मी पहिलं विचारलं, "काच टाकून दिली नाहीत ना?" तो म्हणाला, "अहो, फुटलेली काच ठेवून काय करायचंय? आईने झाडून कचऱ्यात टाकली." त्या दोन तुकड्यांत काकांचा पूर्ण नंबर होता.

लेन्सोमीटर नावाचं यंत्र जगभर जवळपास प्रत्येक चष्म्याच्या दुकानात असतं. काच त्यावर ठेवली की दोन मिनिटांत तिचा नंबर कळतो. काचेला तडा गेला असला तरी मधला भाग शाबूत असेल तर काम होतं. अडचण सिलिंडर असणाऱ्यांची असते, म्हणजे ज्यांच्या डोळ्याचा नंबर सगळ्या दिशांना सारखा नसतो त्यांची. सिलिंडरच्या नंबराला एक कोन असतो, त्याला ॲक्सिस म्हणतात. काच फ्रेममध्ये जशी बसली होती तशी धरली तरच तो कोन मोजता येतो. सुट्या तुकड्याची वरची बाजू कोणती हेच कळलं नाही तर यंत्रालाही ते सांगता येत नाही. म्हणून तुकडे फ्रेममध्ये जुळवून बसतात का पाहा. बसत असतील तर कडेकडेने चिकटपट्टी लावा, मधोमध लावू नका. बसत नसतील तर तुकड्यावर मार्करने वरच्या दिशेला बाण काढा आणि उजवा की डावा ते लिहा. एकच काच फुटली असेल तर दुसरीला हात लावू नका, ती फ्रेममध्येच राहू द्या. दोन्ही बाजूंनी फोटो काढा. काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ५२, १८, १४० असे आकडे असतात. ते अनुक्रमे काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, मिलिमीटरमध्ये. शेजारी मॉडेलचा क्रमांकही असतो. त्याचाही फोटो घ्या.

काच डोळ्याजवळ फुटली असेल आणि डोळ्यात खुपत असेल तर डोळा चोळू नका. चष्म्याचं पुढे बघू, आधी डॉक्टर गाठा. तसंच चष्मा धड असताना अचानक कमी दिसायला लागलं, वीज चमकल्यासारखं किंवा काळे ठिपके दिसू लागले, तर तो चष्म्याचा प्रश्न नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

नेमकं काय तुटलंय ते पाहा

काडीच्या बिजागरीचा स्क्रू पडणं ही सगळ्यांत जास्त वेळा येणारी तक्रार, आणि सगळ्यांत सोपीही. आधी चष्म्याचं घर, उशी आणि खिसे झटकून पाहा. स्क्रू सापडला नाही तर बारीक सेफ्टी पिन, कानातल्याची तार किंवा ब्रेडच्या पिशवीला बांधलेल्या तारेवरचं प्लास्टिक काढून आतली तार भोकातून ओवता येते. ती टोकं डोळ्याच्या बाजूला येणार नाहीत अशी वळवा. लाकडी टूथपिक भोकात घट्ट बसवून दोन्हीकडून मोडली तरी दिवस निघतो. हॉटेलच्या रिसेप्शनवर मागितलं तर सुई-दोरा मिळतो, तो तीन-चार वेळा ओवून गाठ मारा. अजून एक उपाय बऱ्याचदा लागू पडतो: तुमच्याकडे गॉगल असेल तर त्याच्या बिजागरीचा स्क्रू काढून लावून पाहा, माप जुळण्याची शक्यता बरी असते. नंतर कुठल्याही चष्म्याच्या दुकानात गेलात तर नवा स्क्रू पाच मिनिटांत लावून देतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचे पैसेही घेत नाहीत. संकोच करू नका. चष्मा तिथून घेतलेला नसला तरी विचारायला हरकत नाही.

नाकावरची पॅड गेली तर तेवढ्यापुरती जखमेवरची पट्टी गुंडाळा. हीसुद्धा दुकानात लगेच बदलून मिळते.

काच फ्रेममधून निसटली आणि धड आहे? धातूच्या फ्रेममध्ये कडेचा छोटा स्क्रू सैल झालेला असतो, तो आवळला की काम झालं. प्लास्टिकच्या फ्रेममध्ये फ्रेम गरम करून काच बसवतात. हे दुकानातच करून घ्या. उकळत्या पाण्यात फ्रेम बुडवण्याचे सल्ले मिळतात, पण त्या उष्णतेने काचेच्या कोटिंगला जाळीसारखे तडे जातात आणि मग ती काच कायमची वाया. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवल्यानेही हेच होतं. अर्ध्या फ्रेमच्या चष्म्याची काच खालून नायलॉनच्या बारीक दोऱ्याने धरलेली असते. तो दोरा तुटला तर घाबरू नका, नवा दोरा घालणं हे दुकानातलं नेहमीचं काम आहे.

फ्रेम नाकावर मधोमध तुटली किंवा काडी मुळापासून मोडली तर लोक फेव्हिक्विकसारखा गोंद आणतात. त्याची वाफ काचेवर पांढरट थर धरते आणि तो थर सहसा निघत नाही. गोंद लावायचाच असेल तर आधी काचा काढून बाजूला ठेवा. माझा सल्ला मात्र असा की बिजागरीला आणि काचेच्या कडेला गोंद लावूच नका. तिथे गोंद सुकला की आतल्या धड काचा काढून दुसऱ्या फ्रेममध्ये घालणं कारागिराला अवघड होतं. त्यापेक्षा चिकटपट्टी बरी. दिसायला कसंही दिसो, दोन दिवस चालेल.

फ्रेम मोडली आणि काचा धड राहिल्या, तर तुम्हाला नव्या काचांची गरजच नाही, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. दुकानात जाऊन म्हणा, "या काचा बसतील अशी फ्रेम दाखवा." तेच मॉडेल मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर थोड्या लहान आकाराची फ्रेम निवडायची आणि जुन्या काचा त्या मापाला घासून बसवायच्या. या कामाला अर्धा तास पुरतो. काचेचा मध्य तुमच्या बाहुलीसमोर यायला हवा एवढं त्यांना पाहावं लागतं. प्रोग्रेसिव्हच्या काचांना हे सहसा जमत नाही, एका नंबरच्या काचांना जमतं. सगळे दुकानदार जुन्या काचांची जोखीम घेत नाहीत. पहिल्याने नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचारा.

आजची रात्र कशी काढायची

जुना चष्मा जवळ असेल तर तोच घाला. नंबर थोडा वेगळा असेल तर डोकं दुखेल, पण मोठ्या माणसाचे डोळे त्याने बिघडत नाहीत. लहान मुलांचं वेगळं आहे. त्यांची दृष्टी अजून घडत असते, विशेषतः एक डोळा आळशी असेल तर चष्म्याशिवाय जास्त दिवस जाऊ देऊ नयेत. मुलाचा आणि मोठ्याचा चष्मा एकाच दिवशी गेला तर आधी मुलाचा करा.

लांबचं दिसत नसणाऱ्यांना मोबाइलचा कॅमेरा खूप उपयोगी पडतो. विमानतळावरचा फलक, रस्त्याची पाटी, मेनूचा बोर्ड, काहीही कॅमेऱ्यातून मोठं करा आणि पडदा डोळ्यांजवळ धरून वाचा. पडदा किती जवळ धरायचा त्याचा हिशेब सोपा आहे: १०० ला नंबराने भागा. उणे ४ ला २५ सेंटिमीटर, उणे २ ला ५० सेंटिमीटर. जवळचं न दिसणाऱ्यांनी फोनमधला भिंगाचा पर्याय सुरू करावा आणि अक्षरं मोठी करावीत. कार्डाच्या तुकड्याला साधारण एक मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून पाहिलं तरी बरंच स्पष्ट दिसतं, कारण बारीक भोकातून नजरेच्या मधल्या रेषेचेच किरण आत येतात. बसून काही वाचायला हे ठीक. चालताना मुळीच नको, बाजूचं काही दिसत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर वापरा, पण त्या घालून झोपू नका. आणि लेन्सच्या खोक्यावरचा नंबर चष्म्यासाठी देऊ नका. उणे ६ चा चष्मा असणाऱ्याची लेन्स साधारण उणे ५.५० ची असते. ४ च्या पुढे हा फरक पडायला लागतो.

आणि गाडी चालवू नका. भाड्याने घेतलेली गाडी एक-दोन दिवस उभी राहिली तर राहू द्या.

नंबर कुठून मिळवायचा आणि कसा वाचायचा

काच हाती नसेल तर नंबर कागदावरून घ्यावा लागतो. ज्या दुकानातून चष्मा केला तिथे फोन करा, आम्ही रेकॉर्ड ठेवतो. लेन्सकार्टसारख्या साखळी दुकानातून घेतला असेल तर त्यांच्या ॲपमध्ये तुमचा नंबर असतो. डॉक्टरांच्या दवाखान्यात विचारा. घरी शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर फाइलचा फोटो मागवा. भारतातल्या सकाळी फोन करायचा तर अमेरिकेत आदल्या दिवशीची रात्र असते, तेवढं लक्षात ठेवा.

चिठ्ठीवर उजव्या डोळ्यासाठी ओडी आणि डाव्यासाठी ओएस लिहिलेलं असतं. एसपीएच म्हणजे मूळ नंबर, सीवायएल म्हणजे सिलिंडर, पुढे ॲक्सिस, आणि वाचण्यासाठीचा वाढीव नंबर म्हणजे ॲड. उणे-अधिकची चिन्हं दोनदा तपासा. फोनवर तोंडी नंबर घेऊ नका, फोटोच मागा.

आपल्याकडे काही डॉक्टर सिलिंडर अधिक चिन्हात लिहितात आणि परदेशातल्या दुकानांत तो बहुधा उणे चिन्हात वापरतात. दोन्ही नंबर एकच असतात, फक्त लिहिण्याची पद्धत वेगळी. मूळ नंबर आणि सिलिंडर यांची बेरीज करा, सिलिंडरचं चिन्ह बदला, ॲक्सिस ९० अंशांनी फिरवा. म्हणजे −३.०० / +१.०० × ९० हाच नंबर −२.०० / −१.०० × १८० असाही लिहितात. तिथे तपासणीत दुसरे आकडे निघाले म्हणून "नंबर एकदम बदलला" असं वाटलं, तर आधी हा हिशेब करून बघा.

आपल्या चिठ्ठ्यांवर पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, बहुधा नसतं. मोठ्या माणसात ते साधारण ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. दुकानात समोरासमोर चष्मा करत असाल तर ते मोजून घेतात, चिंता नको. ऑनलाइन मागवायचा असेल तर बँकेचं कार्ड, क्रमांक झाकून, भुवयांच्या वर कपाळाला टेकवून समोरून फोटो काढा. कार्डाची रुंदी ८५.६ मिलिमीटर असते, त्या मापाने अंतर काढता येतं. पीडीची चूक किती महाग पडते ते नंबरावर आहे. उणे १ ला चार मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तर जाणवणारही नाही. उणे ६ ला तेवढ्याच चुकीने डोळ्यांवर ताण येऊन डोकं धरतं. म्हणून मोठा नंबर असणाऱ्यांनी ऑनलाइनच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

कॉम्प्युटरवर डोळे तपासल्यावर जी छोटी छापील पट्टी निघते, ती चिठ्ठी नव्हे. तो तपासणीचा प्रारंभीचा अंदाज असतो. त्यावरून चष्मा करू नका.

मधुमेह असेल तर एक गोष्ट विशेष. साखर खूप वर-खाली होत असताना डोळ्याच्या आतल्या भिंगाचं पाणी कमी-जास्त होतं आणि नंबर हलतो. प्रवासात जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा चुकतात, साखर वाढते, आणि त्या दिवशी तपासलेला नंबर पुढच्या आठवड्यात जुळत नाही. अशा वेळी नवी तपासणी करून घेण्यापेक्षा जुन्या नंबरावर भर द्या.

दुकानात काय मागायचं

चष्मा लगेच मिळणार की आठवड्याने, हे तुमच्या नंबरावर ठरतं. एका नंबरच्या काचा साधारणपणे उणे ६ ते अधिक ४ पर्यंत, सिलिंडर २ पर्यंत, तयार ठेवलेल्या असतात. त्यांना स्टॉक लेन्स म्हणतात. फ्रेमच्या आकारात कापल्या की झालं. त्यापलीकडचे नंबर, जास्त सिलिंडर आणि प्रोग्रेसिव्ह काचा कारखान्यात घडवून, कोटिंग करून याव्या लागतात. तिथे दिवस जातात.

म्हणून दुकानात शिरल्यावर हे शब्द वापरा: "सिंगल व्हिजन, स्टॉक लेन्स, आज मिळेल का?" फ्रेम स्वस्तातली, मध्यम आकाराची निवडा. फार मोठ्या फ्रेमला तयार काच पुरत नाही. जादा कोटिंग, रंग बदलणारी काच, अति पातळ काच यांना नको म्हणा, त्याने वेळही वाढतो आणि पैसेही.

प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांनी लांबच्या नंबराचा एकच चष्मा करावा. प्रोग्रेसिव्हमध्ये बाहुली फ्रेमच्या खालच्या कडेपासून किती उंचीवर येते तेही मोजावं लागतं, आणि ते चुकलं तर पुन्हा दुकानात जावं लागतं. पुढच्या शहराला निघालेल्या माणसाला ते जमत नाही. वाचण्यासाठी औषधांच्या दुकानात किंवा सुपरमार्केटमध्ये टांगलेले तयार चष्मे मिळतात. अमेरिकेत ते सीव्हीएस आणि वॉलग्रीन्समध्ये असतात, जपानमध्ये दायसोच्या दुकानातही दिसतात. कोणता घ्यायचा? लांबचा नंबर आणि ॲड यांची बेरीज करा. लांबचा +१.०० आणि ॲड +२.०० असेल तर +३.०० चा. लांबचा नंबरच नसेल तर +२.०० चा. लांबचा −२.०० आणि ॲड +२.०० असेल तर बेरीज शून्य, म्हणजे चष्मा काढून वाचा, काही विकत घ्यायची गरज नाही. दोन डोळ्यांच्या नंबरांत बराच फरक असेल किंवा सिलिंडर जास्त असेल तर तयार चष्मा मानवणार नाही, पण औषधाच्या बाटलीवरचं वाचण्यापुरता तो पुरतो, आणि ज्येष्ठांना सगळ्यांत जास्त गरज त्याचीच असते.

देशादेशांत काय फरक

अमेरिकेतली व्यवस्था आपल्या लोकांना सगळ्यांत जास्त गोंधळात टाकते. तिथे चष्मा विकणारा वेगळा आणि डोळे तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट वेगळा, जरी दोघं एकाच दारातून आत गेल्यावर भेटत असले तरी. चालू मुदतीतली चिठ्ठी लागते, आणि मुदत राज्यानुसार बहुधा एक किंवा दोन वर्षं असते. भारतातली चिठ्ठी काही दुकानं मानतात, काही मानत नाहीत. चिठ्ठीवर तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असेल तर मानण्याची शक्यता वाढते. जुन्या काचेवरून नंबर काढून तसाच चष्मा करून द्यायचा की नाही, हेही राज्याच्या नियमांवर आणि दुकानावर अवलंबून असतं, पण विचारा जरूर. नाहीच जमलं तर तपासणी करून घ्यावी लागते. कॉस्टको, वॉलमार्ट अशा मोठ्या दुकानांतल्या ऑप्टोमेट्रिस्टकडे ती बरीच स्वस्त पडते. वेळ घ्यायला आधी फोन करा आणि "चष्मा तुटलाय, पाहुणे आहोत" हे पहिल्याच वाक्यात सांगा.

तिथला एक हक्क लक्षात ठेवा. १९७८ सालापासूनच्या केंद्रीय नियमानुसार तपासणी संपली की चिठ्ठीची प्रत मागितल्याशिवाय आणि जादा पैसे न घेता तुमच्या हातात द्यावीच लागते. ती घेऊन तुम्ही दुसऱ्या दुकानात जाऊ शकता. तपासलं तिथेच चष्मा घेण्याचं बंधन नाही. पीडी मात्र त्या नियमात येत नाही, तो वेगळा मागा. आई-वडील सहा महिने मुलांकडे राहायला गेले असतील तर गोष्ट बदलते. हाताशी वेळ आहे, परत दुकानात जाता येतं, तर तिथे प्रोग्रेसिव्ह करायला हरकत नाही.

ब्रिटनमध्येही तपासणी झाल्यावर चिठ्ठी लगेच द्यावी लागते. तिथे +४.०० पर्यंतचे वाचायचे तयार चष्मे कुठेही मिळतात, लांबच्या नंबरासाठी मात्र दोन वर्षांच्या आतली चिठ्ठी लागते. फ्रान्समध्ये एरवी डॉक्टरांची चिठ्ठी हवी, पण कायद्यातच एक सवलत आहे: चष्मा हरवला किंवा काच फुटली, निकड आहे आणि डॉक्टर मिळण्यासारखा नाही, तर दुकानातला ऑप्टिशियन स्वतः नंबर तपासून चिठ्ठीशिवाय चष्मा देऊ शकतो. तिथे दुकानात नकार मिळाला तर ही गोष्ट नम्रपणे सांगा. जर्मनीत ऑप्टिशियनचं काम हा रीतसर शिकून करायचा कारागिरीचा व्यवसाय आहे, ते दुकानातच डोळे तपासतात आणि दुरुस्तीचं काम मन लावून करतात. फक्त रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारी चष्मा तुटला तर आधी दुकान गाठा, जेवण नंतर.

पूर्वेकडे गेलात तर मार्ग फार सोपा आहे. जपानमध्ये जिन्स, झॉफ, ओनडेज या साखळ्या दुकानातच डोळे तपासतात, डॉक्टरांची चिठ्ठी मागत नाहीत, फ्रेमच्या किमतीत साध्या काचा धरलेल्या असतात आणि तयार नंबर असेल तर अर्ध्या-पाऊण तासात चष्मा हातात पडतो. ओनडेजमध्ये २०२२ साली आपल्या लेन्सकार्टने मोठा हिस्सा घेतला, आणि सिंगापूर, थायलंडमध्येही त्यांची दुकानं आहेत. सोलमधल्या नामदेमून बाजारात चष्म्यांच्या दुकानांची रांगच आहे. दुबईत मॉलमधल्या दुकानांत ऑप्टोमेट्रिस्ट असतो आणि हिंदीत बोलणारं कोणीतरी हमखास भेटतं.

भारतातून कुरिअरने चष्मा मागवावा का, हे खूपजण विचारतात. मुक्काम महिनाभराहून मोठा असेल आणि नंबर अवघड असेल तरच. कस्टममध्ये पार्सल किती दिवस अडकेल याची खात्री कोणी देत नाही. प्रवास विम्याचंही पाहून घ्या. अनेक पॉलिसींमध्ये चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, कवळी या गोष्टी वगळलेल्या असतात. पण बॅगेसकट चष्मा चोरीला गेला असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, सामानाच्या कलमात काही मिळण्याची शक्यता असते.

निघण्यापूर्वी

प्रवासात चष्मे मोडण्याची कारणं ठरलेली आहेत: विमानात चष्मा घालूनच झोप लागणं, समोरच्या सीटच्या खिशात तो राहून जाणं, हॉटेलच्या पांढऱ्या चादरीवर ठेवून त्यावर बसणं, समुद्राच्या लाटेत उतरणं. कडक घर जवळ ठेवा आणि विमानात झोपण्याआधी चष्मा त्यातच घाला.

दुसरा चष्मा न्याच, आणि पहिल्यापेक्षा वेगळ्या बॅगेत. चेक-इनच्या सामानात मात्र नको, ते सामान उशिरा आलं तर उपयोग काय? छोटा स्क्रूड्रायव्हर आणि दोन-चार स्क्रूंची डबी चेक-इनमध्ये टाका, म्हणजे आपल्या विमानतळावरच्या तपासणीत वाद नको. चिठ्ठीचा फोटो तुमच्या फोनवर, बरोबरच्या माणसाच्या फोनवर आणि ईमेलमध्ये ठेवा. अमेरिकेला जाणार असाल तर निघण्याआधी ताजी तपासणी करून तारीख, सही, नोंदणी क्रमांक आणि पीडीसकट चिठ्ठी घ्या. पीडी लिहून द्या म्हटलं की कुठलाही दुकानदार लिहून देईल.

नवा चष्मा घातला आणि गरगरतंय

नव्या चष्म्याने पहिल्या दिवशी जमीन वर-खाली वाटणं, पायऱ्या जवळ आल्यासारख्या वाटणं हे होतं. दोन-तीन दिवसांत कमी व्हायला हवं. जिना उतरताना कठडा धरा. कमी होत नसेल तर आधी एकेक डोळा झाकून पाहा. दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं पाहिलं तर स्पष्ट दिसतं, पण एकत्र पाहिलं की त्रास होतो? मग काचांचे मध्य किंवा पीडी चुकलेला असण्याची शक्यता जास्त. एकाच डोळ्याला धूसर दिसतंय आणि चष्मा किंचित तिरका केला की स्पष्ट होतं? मग ॲक्सिस चुकला आहे. २ च्या सिलिंडरमध्ये ॲक्सिस १० अंशांनी चुकला तर साधारण ०.७० चा सिलिंडर तसाच शिल्लक राहतो, आणि तो नक्की जाणवतो. दोन्ही डोळ्यांना आधीपेक्षा वाईट दिसत असेल तर उजवी काच डावीकडे बसली नाही ना ते पाहायला सांगा. घाईच्या कामात हेही होतं.

कशाचीही शंका आली तर चष्मा त्याच दुकानात न्या आणि लेन्सोमीटरवर ठेवून चिठ्ठीशी ताडून दाखवायला सांगा. काम पाच मिनिटांचं आहे. काच चुकलेली निघाली तर बदलून द्यायला सांगा, त्यासाठी बिल जपून ठेवा. आणि शहर सोडायच्या आदल्या संध्याकाळी नाही, सकाळीच जा, म्हणजे बदलायला त्यांच्याकडे दिवस उरतो.